नाका उघडल्यानंतरचा धसका

गेल्या मार्गशीर्षात मामेभावाच्या मुलीचा साखरपुडा गडहिंग्लजला होता. मी बेळगावहून गाडी घेऊन निघाले आणि वाटेत संकेश्वरला मावशीला बरोबर घेतले. उसाचा हंगाम ऐन भरात होता. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग, कडेला पडलेली उसाची पाने आणि कारखान्याच्या मळीचा तो आंबूस गोड वास काचा लावूनही आत येत होता. मावशी घरातून निघाल्यापासून मुलीच्या सासरच्यांविषयी, त्यांच्या मानपानाविषयी अखंड बोलत होती. कर्नाटक-महाराष्ट्राच्या हद्दीवरची हिटणी जवळ आली तशी ती बोलता बोलता थांबली, मांडीवरची कापडी पिशवी उघडली आणि तिच्यातून प्लास्टिकची पारदर्शक फाईल काढून दोन्ही हातांनी धरून बसली. फाईलमध्ये तिचे आधार कार्ड होते, कोरोनाच्या लशीच्या दोन्ही मात्रांची प्रमाणपत्रे होती आणि घडीवर विरत चाललेला, एका जुन्या तपासणीचा निगेटिव्ह अहवाल होता. रस्त्यावर ना अडथळा होता, ना पोलीस. हद्द ओलांडून गाडी बरीच पुढे गेल्यावर तिने फाईल परत पिशवीत सरकवली आणि पदराने वरच्या ओठावरचा घाम टिपला. दिवस थंडीचे होते. "मावशी, आता कोण विचारतंय?" असे मी म्हटले, तेव्हा ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "न्हाई विचारलं तर बरंच की. जवळ असलेलं बरं." मग ती पुन्हा मानपानाकडे वळली. मला मात्र त्या साखरपुड्याच्या पेढ्यांपेक्षा तो घामच जास्त लक्षात राहिला आहे, कारण फाईल जवळ बाळगणे ही सवय असू शकते, पण थंडीत फुटलेला घाम सवयीचा नसतो.

२०२१ च्या मे महिन्यात मामा गेला. त्याला कोरोना नव्हता. पहाटे छातीत कळ आली आणि गाडीची सोय होईपर्यंत सगळे संपले. संकेश्वर ते गडहिंग्लज हे अंतर असे आहे की एरवी मावशी दुपारची भाकरी इकडे खाऊन चहाला तिकडे पोचायची. त्या दिवशी दोन्ही राज्यांत टाळेबंदी होती, एसटी बंद होती, नाक्यावर बंदोबस्त होता आणि महाराष्ट्रातून कर्नाटकात परत यायचे तर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल हातात हवा होता. तो मिळायलाच त्या दिवसांत तीन-चार दिवस लागत होते. घरी अंथरुणाला खिळलेले काका, त्यांना सोडून जाऊन तिकडेच अडकायचे कसे, या विचारात सकाळ गेली आणि दुपारी मामाचे सगळे उरकले. मावशीने ते फोनच्या पडद्यावर पाहिले. पडद्यावर माणसे कमी आणि आभाळच जास्त दिसत होते, कारण ज्याच्या हातात फोन होता त्याचा हात थरथरत होता. आजरा-गडहिंग्लजकडून संकेश्वरला येणारी हिरण्यकेशी त्याही दिवशी वाहतच होती. मामाच्या अस्थी त्याच नदीत सोडल्या, आणि मावशी संध्याकाळी संकेश्वरच्या घाटावर जाऊन पाण्यात हात घालून बसली होती, हे मला काकांनी पुष्कळ दिवसांनी सांगितले.

ती त्या वेळी रडली, पण कोसळली नाही. घर तिनेच सांभाळले. शेजारच्या कुटुंबात सगळे आजारी पडले तेव्हा त्यांच्या दारात डबा ठेवून लांबून हाक मारायची, वाफेचे पाणी, काढे, काकांची औषधे, सगळे वेळच्या वेळी. मी फोन केला की उलट मलाच धीर द्यायची. बाहत्तरचा दुष्काळ तिने पाहिला होता, देवीच्या साथी तिच्या लहानपणी गावात येऊन गेल्या होत्या, आणि तिच्या आजीने सांगितलेल्या प्लेगच्या गोष्टी तिला तोंडपाठ होत्या. म्हातारी माणसे अशा काळात आधी खचतील असा आपला समज असतो, पण अनुभव तसा नव्हता. अमेरिकेत जून २०२० मध्ये झालेल्या एका मोठ्या सरकारी पाहणीत अठरा ते चोवीस वयाच्या जवळजवळ निम्म्या मुलामुलींमध्ये चिंताविकाराची लक्षणे दिसली, आणि पासष्टीच्या पुढच्यांमध्ये ते प्रमाण शंभरात सहाच्या आसपास होते. ते आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला मावशीचा त्या दिवसांतला खणखणीत आवाज आठवला. मात्र त्या पाहणीत एक गोष्ट येणे शक्यच नव्हते, आणि ती म्हणजे नंतर काय झाले.

कारण तिचा धसका नंतर आला.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तोवर आपण सगळ्यांनी मास्क कधीच खुंटीला टांगले होते. लग्नाच्या पंगती पूर्वीसारख्या उठू लागल्या होत्या, पंढरीची पायी वारी आदल्याच वर्षी पुन्हा सुरू झाली होती, आणि त्याच सुमारास मावशीला पहाटे तीनच्या ठोक्याला जाग येऊ लागली. छातीत धडधड, पोटात गोळा, तळव्यांना मुंग्या. मन घाबरते असे ती एकदाही म्हणाली नाही, तिची सगळी तक्रार शरीराची होती. हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती चांगली निघाली. थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन, सगळे तपासून झाले. डॉक्टरांनी "काही नाही, सगळे रिपोर्ट छान आहेत" म्हणून सांगितले, तेव्हा तिचा चेहरा उजळण्याऐवजी उतरला. "मग हे होतंय ते काय?" हा तिचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. या वयात भीती अशीच छातीतून, पोटातून, मोडलेल्या झोपेतून बोलते. शरीराचे खरे दुखणे नाही ना, हे आधी पाहणे अगदी आवश्यक आहे, पण ते पाहून झाल्यावर बहुतेक घरांत विषय तिथेच संपतो आणि माणूस मात्र पहाटे तीनला एकटा उठून बसतो. कुणीतरी तिला झोपेच्या गोळ्या सुचवल्या होत्या आणि जुन्या चिठ्ठीवर त्या ती आणवून घेतही होती. रात्री लघवीला उठताना तिचा तोल जाऊन भिंतीवर खांदा आपटला, तेव्हा ते घरात कळले. म्हातारपणी या गोळ्यांनी पडण्याचा धोका वाढतो, आणि पडून मोडलेले खुब्याचे हाड हे पुष्कळदा भीतीपेक्षा मोठे संकट ठरते. गोळ्या तिने एकदम बंद केल्या नाहीत, डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी केल्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्या भागातल्या किती घरांत फडताळात अशी पाकिटे आहेत ते मी पाहिले आहे.

तिला मरणाची भीती वाटते, असा घरच्यांचा समज होता. मला तो पटत नव्हता. ती मरणाविषयी अगदी सहज बोलते, कुठले लुगडे नेसवायचे तेही सांगून ठेवले आहे. सप्टेंबर २०२० मध्ये आमचे खासदार आणि केंद्रातले रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी कोरोनाने दिल्लीत गेले आणि त्यांचे अंत्यसंस्कारही दिल्लीतच झाले. बेळगावात त्या दिवशी पक्षभेद, भाषाभेद विसरून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी एकच वाक्य होते, की एवढ्या मोठ्या माणसालाही शेवटी आपल्या गावाला येता आले नाही. त्या वाक्यात जे होते तेच मावशीच्या घामात आहे असे मला वाटते. आपली माणसे आपल्यापर्यंत पोचणार नाहीत आणि आपण त्यांच्यापर्यंत पोचणार नाही, मध्ये कुणीतरी कागद मागेल, ही ती भीती आहे. तिची आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची तेव्हा त्यांत उंदीर पडले की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिल्याचे वर्णन असायचे. हाल होते, माणसे जात होती, पण झोपडीला झोपडी लागून होती आणि चुलीचा धूर एकमेकांना दिसत होता. या खेपेस सगळे उलटे झाले. जगायचे असेल तर एकमेकांपासून दूर राहा, असे सांगितले गेले. ते सांगणे चुकीचे नव्हते, त्याने जीव वाचले. पण ज्यांचे सगळे आयुष्य येण्याजाण्यावर, माहेर-सासरवर, कुणाच्या तरी दारात अचानक जाऊन उभे राहण्यावर बेतलेले होते, त्यांच्या मनातून तो आदेश कुणी परत घेतलेला नाही. आणि आमच्या मुलखात तर निम्म्या बायकांचे माहेर हद्दीपलीकडे असते. चंदगडची लेक बेळगावात दिलेली, निपाणीची कागलला, कागवाडची मिरजेला. कोगनोळीचा आणि शिनोळीजवळचा नाका आम्ही वर्षानुवर्षे बसमध्ये डुलक्या घेत ओलांडला होता, तिथे एके दिवशी बांबू आडवे पडले. वर्तमानपत्रांतले राज्यांचे वाद आम्हाला जन्मापासून ठाऊक आहेत, पण भावाच्या मयताला जाता न येणे हे कुणालाच ठाऊक नव्हते.

टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत मी सकाळी फिरायला जाते. तिथल्या जुन्या झाडांखालून चालताना मला नेहमी एक गोष्ट आठवते, की ब्रिटिशांच्या काळात ही जागा देवीच्या लशीसाठी उभी राहिली आणि इथे फिरायला येणाऱ्या सत्तरीच्या प्रत्येक माणसाच्या दंडावर त्या लशीचा गोल वण आहे. तिथे चार-पाच निवृत्त माणसांचा एक कट्टा आहे. त्यांच्यातल्या एका गुरुजींच्या पत्नी दुसऱ्या लाटेत गेल्या. रुग्णालयात नेताना त्यांच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ८२ हा आकडा होता, आणि तो आकडा गुरुजींच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तेव्हापासून ते यंत्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते. खोकला आला, जिना चढला, कुणाची वाईट बातमी कळली की ते बोटाला लागते. गेल्या डिसेंबरात, धुके इतके दाट होते की समोरचा माणूस दहा पावलांवर दिसत नव्हता, त्या सकाळी ते बाकावर बसले, त्यांनी यंत्र लावले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. आकडा ९१ होता. मी शेजारच्याच बाकावर होते. त्यांचे मित्र, वडगावात ज्यांचे माग होते ते आप्पा, काही न बोलता त्यांच्यासमोर उकिडवे बसले, गुरुजींचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळायला लागले. आयुष्यभर सूत हाताळलेले ते तळवे, त्यांचा खरखर आवाज मला ऐकू येत होता. बराच वेळ चोळून, हातावर फुंकर घालून त्यांनी यंत्र पुन्हा लावले. ९५, ९६, मग ९७. गार पडलेल्या बोटात रक्त कमी फिरते आणि यंत्र खोटा आकडा दाखवते, हे गुरुजींना माहीत नव्हते असे नाही, विज्ञानच शिकवायचे ते. पण भीतीच्या क्षणी माहितीचा उपयोग होत नाही, कुणाचा तरी हात लागतो.

त्यानंतर त्या कट्ट्याने आपसांत जे ठरवले त्याचे मला फार कौतुक वाटते. यंत्र फेकून द्या असे त्यांना कुणी म्हणाले नाही. आकडा दिवसातून दोनदाच पाहायचा, सकाळी फिरून आल्यावर घरात हात गरम करून आणि रात्री जेवणानंतर, आणि तो वहीत लिहायचा. मधे कधी हात खिशाकडे गेला तर आधी आप्पांना फोन करायचा. फोनवर आप्पा त्यांना यंत्राविषयी काहीच विचारत नाहीत, आज भाजी काय केली ते विचारतात. मानसोपचारात चिंतेवर जी पद्धत वापरतात तिच्यातही खात्री करून घेण्याची ही सततची ओढ थोडी थोडी लांबवत नेतात, एकदम तोडत नाहीत. आप्पांनी यातले काही वाचलेले नाही. मागावरचा तुटलेला धागा हिसकून चालत नाही, तो हळूच शोधून सांधावा लागतो, एवढे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. अलीकडे गुरुजींच्या वहीत रात्रीचा रकाना कधी कधी कोरा राहतो, असे आप्पा मला मोठ्या समाधानाने सांगत होते.

मावशीने स्वतःसाठी जे शोधले ते बसमधून शोधले. जून २०२३ मध्ये शक्ती योजना आली आणि कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या बसमधून फुकट फिरता येऊ लागले. त्या योजनेवर घरोघरी वाद झाले, अजून होतात. मला तिच्याविषयी एवढेच सांगायचे आहे की टाळेबंदीनंतर उंबरठा ओलांडायचे विसरलेल्या कितीतरी म्हाताऱ्या बायका तिच्यामुळे घराबाहेर पडल्या. मावशी आधी शेजारच्या अक्कांबरोबर हुक्केरीपर्यंत जाऊन आली, उगाच, बाजार बघायला. मग चिंचलीच्या मायक्का देवीला. मग निपाणीला, तिथल्या विडी वळणाऱ्या मैत्रिणीकडे, जिच्या मांडीवरचे सूप आणि चालती बोटे बघत बसले की आपल्या जिवाला बरे वाटते असे ती म्हणते. ती तंबाखूची धूळ छातीला बरी नाही हे मी तिला सांगते, आणि तरीही तिथून आल्यावर ती रात्री सलग झोपते हे मलाच दिसते. शेजारच्या अक्का कन्नड. सगळ्या साथीत रुग्णालयाचे कागद, लशीच्या सूचना, मोबाईलवर आलेले निरोप त्यांनीच मावशीला वाचून दाखवले, कारण मावशी बाजारात कन्नड घडाघडा बोलते पण तिला ते वाचता येत नाही. न वाचता येणारा सरकारी कागद हातात असणे ही स्वतःच एक भीती असते, आणि ती कमी करायला शेजारीण पुरते. याच अक्कांबरोबर एके दिवशी मावशी गडहिंग्लजच्या बसमध्ये बसली आणि पहिल्या खेपेला हद्दीच्या अलीकडेच उतरून, चहा पिऊन परत आली. दुसऱ्या खेपेलाही तसेच. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा अक्का म्हणाल्या, "उतरायचं न्हाई आज." त्या दिवशी ती भावाच्या घरी पोचली, त्याच्या फोटोला हार घातला आणि मामीच्या गळ्यात पडून जे रडायचे राहिले होते ते रडली. सोबत म्हणून ती फाईल होतीच. ती अजून आहे, आणि मला ती तिच्यापासून काढून घ्यावीशी वाटत नाही.

ज्येष्ठांची मुले, म्हणजे आमची पिढी, पुण्या-बेंगळुरूहून फोनवर सांगते की आता विसरा ते, झाले गेले. त्यामागे प्रेमच असते हे मी जाणते. पण विसरा म्हटल्यावर म्हातारे माणूस विसरत नाही, ते फक्त सांगायचे थांबते. त्यापेक्षा ठरलेल्या वेळी लावलेला एक फोन जास्त काम करतो. मावशी आणि मामी रोज दिवेलागणीला एकमेकींना फोन लावतात. उचलता आला नाही तर थोड्या वेळाने नुसता मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे दुसरीच्या जिवाला घोर लागत नाही. संकेश्वरच्या विठ्ठल मंदिरात बायकांचे भजन पुन्हा सुरू झाले आहे, तिथे मावशी पहिल्या रांगेत बसते. अभंगाची ओळ लांबवत सावकाश श्वास सोडला की हृदयाची गती उतरते, हे शरीराचे साधे गणित आहे. तिला त्याचा हिशेब नको, तिला शेजारणीचा खांदा खांद्याला लागलेला हवा. पहाटेची धडधड पूर्ण गेलेली नाही. ती आली की मावशी उठून बसते, दिवा लावते, पाणी पिते आणि उद्याच्या भाजीचे निवडणे काढते. सगळ्यांनाच एवढ्याने भागेल असे नाही. ज्यांचे जेवण तुटले आहे, जे घराबाहेर पडायलाच तयार नाहीत, ज्यांना जगणे नको झाले आहे, त्यांना डॉक्टरांकडे न्यायलाच हवे. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि फुकट चालू आहे, तिथे भाषा निवडता येते, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तो क्रमांक लावून देऊन शेजारी बसणे हे कुणालाही जमण्यासारखे आहे.

सध्या मावशी आणि मामी यांचे फोनवर जोरात भांडण चालू आहे. भाऊबीज आता नाही, पण दिवाळीला एकत्र जेवायचे हा नियम दोघींनी मोडलेला नाही. मामीचे म्हणणे, यंदा माझे गुडघे चालत नाहीत, तूच इकडे ये. मावशीचे म्हणणे, गेल्या दोन्ही वर्षी मीच आले, आता तू नाका ओलांडून ये, बसस्टँडवर मी घ्यायला येते. आवाज इतके चढतात की अक्का भिंतीपलीकडून विचारतात, काय झाले म्हणून. काल रात्रीपर्यंत निकाल लागलेला नव्हता आणि दोघींनीही मला आपापल्या बाजूने बोलायला सांगितले आहे.